तीन वर्षांची माणसे, तीस वर्षांचे काम

लेखमाला : वकिलातीच्या आत
लेखांक सहावा : विज्ञान विभाग

११ मार्च २०११ रोजी दुपारी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने फुकुशिमा दाईची अणुवीज केंद्रातली शीतनाची व्यवस्था बंद पाडली. १२ तारखेला एका अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला, १४ तारखेला दुसऱ्या इमारतीत. टोकियो तिथून सुमारे २३० किलोमीटरवर आहे. त्या महानगरात राहणारे ब्रिटिश नागरिक आपल्या वकिलातीला एकच प्रश्न विचारत होते : मुलाबाळांना घेऊन निघायचे, की थांबायचे?

राजदूत डेव्हिड वॉरन हे जपान चांगला ओळखणारे अनुभवी मुत्सद्दी होते. पण अणुभट्टीतले इंधन वितळले तर किरणोत्सारी कण किती उंच उडतील आणि वाऱ्याबरोबर कुठवर जातील, याचे उत्तर मुत्सद्दीपणाच्या अनुभवातून मिळत नाही. १५ मार्चपासून ब्रिटिश सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार जॉन बेडिंग्टन लंडनहून दूरध्वनीवर वकिलातीशी आणि तिथल्या ब्रिटिश समाजाशी बोलू लागले. त्यांनी चेर्नोबिलशी तुलना करून दाखवली. तिथे ग्राफाइट पेटल्यामुळे किरणोत्सारी कण सुमारे ९ किलोमीटर उंच गेले होते आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. फुकुशिमात आणखी मोठा स्फोट झाला तरी ते सुमारे ५०० मीटरच्या वर जाणार नाहीत. त्यामुळे वाईटात वाईट, पण शक्य कोटीतली परिस्थिती धरली तरी केंद्रापासून २०-३० किलोमीटरपलीकडे किरणोत्सारामुळे घर सोडण्याची गरज नाही. या संभाषणांचे शब्दांकन वकिलातीने सर्वांसाठी खुले केले, आणि ते ब्रिटिशांखेरीज इतरांनीही वाचले.

दोनच दिवसांत ब्रिटिश सरकारचा अधिकृत सल्ला सावधगिरीकडे झुकला. टोकियोतल्या नागरिकांनी शहर सोडण्याचा विचार करावा, असे सांगण्यात आले. त्यामागे वीज, वाहतूक, पुरवठा अशा अनेक चिंता होत्या. किरणोत्साराविषयीचे वैज्ञानिक उत्तर मात्र बदलले नाही. निर्णय सरकारचा असतो आणि तो अनेक बाजू पाहून घेतला जातो. त्यातली विज्ञानाची बाजू आहे तशी मांडायची, निर्णयाला सोयीची व्हावी म्हणून वाकवायची नाही. आजच्या लेखांकाचा विषय असलेल्या विभागाचा हाच धर्म आहे.

गेल्या आठवड्यात आपण व्हिसाच्या खिडकीमागची माणसे पाहिली. ती खिडकी सर्वांच्या ओळखीची असते, कारण तिच्यासमोर रांग लागते. विज्ञान विभागासमोर रांग नसते. त्यातल्या माणसांची नावे वर्तमानपत्रात क्वचितच येतात. तरीही आपल्या बाळांना मिळणारी लस, आपल्या शहरातल्या हवेची आकडेवारी, मराठवाड्याच्या माळावर उभी राहणारी वेधशाळा, अशा गोष्टींच्या मागे दोन सरकारांमधले जे दीर्घ व्यवहार असतात, त्यांचा धागा धरून ठेवणारी माणसे अशाच विभागांत बसलेली असतात.

सुरुवात एका जंतापासून

वकिलातीत शास्त्रज्ञ कशाला हवा, याचे एक फार जुने आणि चोख उत्तर बर्लिनमध्ये मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनी आणि अमेरिका यांच्यात डुकराच्या मांसावरून कडवट वाद पेटला होता. ट्रिकिनेला नावाचा सूक्ष्म जंत डुकराच्या स्नायूंत राहतो आणि कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस खाणाऱ्या माणसाला गंभीर आजारी पाडतो. अमेरिकेहून येणाऱ्या मांसातून हा रोग पसरतो, असे जर्मन अधिकाऱ्यांचे म्हणणे. हा बाजार अडवण्याचा बहाणा आहे, असे अमेरिकी व्यापाऱ्यांचे म्हणणे.

१८९८ साली अमेरिकेने आपल्या बर्लिनच्या वकिलातीत चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाला पाठवले. निवड विचारपूर्वक केली होती. स्टाइल्स परोपजीवी जंतांचे तज्ज्ञ होते आणि त्यांची डॉक्टरेट लाइपझिगची होती, म्हणजे जर्मन भाषा आणि जर्मन प्रयोगशाळा दोन्ही त्यांच्या ओळखीच्या. त्यांनी भाषणे दिली नाहीत. जर्मनीतल्याच रोगाच्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि दाखवून दिले की, अनेक रोगी ज्या मांसाने आजारी पडले ते जर्मन तपासनीसांनी निर्धोक ठरवलेले होते, आणि अमेरिकी मांसावरचा आरोप त्या नोंदींतून सिद्ध होत नव्हता. समोरच्याच देशाच्या नोंदींतून काढलेला निष्कर्ष बाजूला सारणे अवघड असते.

मायदेशी परतल्यावर याच स्टाइल्सनी अमेरिकेच्या दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांच्या अशक्तपणामागे अंकुशकृमी असल्याचे दाखवले, आणि त्यातून १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून मोठी आरोग्यमोहीम उभी राहिली. वकिलातीतला काळ त्यांच्या आयुष्यात थोडाच होता. पण या पदाला काय लागते हे त्यांनी घालून दिले : विषयाचे खोल ज्ञान, त्या देशाची भाषा, आणि दुसऱ्या बाजूलाही मान्य करावा लागेल असा पुरावा.

युद्धातल्या चीनमध्ये

या पदाची सर्वांत भव्य कहाणी मात्र जोसेफ नीडम यांची आहे. नीडम केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ. भ्रूणाच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १९३१ मध्ये आला होता. १९३७ साली चीनमधून काही तरुण संशोधक केंब्रिजला आले. त्यांच्यातल्या लू ग्वे-जेन या संशोधिकेमुळे नीडम चिनी भाषेकडे वळले आणि पस्तिशी उलटल्यावर ती चिकाटीने शिकले.

१९४३ च्या आरंभी ते कलकत्त्याहून विमानाने हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनमध्ये उतरले. जपानी आक्रमणामुळे चीनची किनारपट्टी हातची गेली होती. विद्यापीठे पुस्तके आणि उपकरणे पाठीवर, बैलगाड्यांवर, होड्यांवर लादून देशाच्या आतल्या भागात, देवळांत आणि गुहांत आसऱ्याला गेली होती. नीडम यांनी चोंगछिंगला चीन-ब्रिटन विज्ञान सहकार्य कार्यालय सुरू केले आणि ब्रिटिश वकिलातीचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून ते काम पाहू लागले. ट्रक घेऊन ते मैलोन्‌मैल फिरले, तेही जिथे धड रस्ता नाही आणि इंधनाची मारामार आहे अशा मुलखातून. वायव्येला वाळवंटाच्या काठावरच्या दुनहुआंगपर्यंत ते पोचले. वाटेत ट्रक बंद पडत, दुरुस्तीसाठी दिवस जात, आणि त्या सक्तीच्या मुक्कामांतही ते आसपासचे कारागीर, शेतकरी, ग्रंथसंग्रह पाहत राहिले.

त्यांचे काम ऐकायला साधे आहे. कुठल्या प्रयोगशाळेत काय अडले आहे हे पाहायचे. ती रसायने, ते सुटे भाग, त्या नियतकालिकांच्या सूक्ष्मचित्रफिती भारतातून विमानाने मागवायच्या. आणि चिनी संशोधकांनी लिहिलेले निबंध पाश्चात्त्य नियतकालिकांकडे पाठवायचे. यातली शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. मदत एकाच दिशेने वाहत नव्हती. ज्यांचे जगाशी दार बंद झाले होते, त्या शास्त्रज्ञांचे म्हणणे जगापर्यंत पोचवणे हे नीडम आपले कर्तव्य मानत होते.

कार्यालयात ब्रिटिशांपेक्षा चिनी सहकारी अधिक होते. नीडम यांच्या पत्नी डोरोथी, ज्या स्वतः नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या, पुढे त्यात सामील झाल्या. प्रवासात नीडम यांच्याबरोबर सचिव म्हणून असत ते ह्वांग शिंग-त्सुंग हे तरुण रसायनशास्त्रज्ञ. भाषा, माणसे, वाटा, सौजन्याच्या रीती या सगळ्यांत नीडम यांचा भरवसा त्यांच्यावर होता. युद्ध संपल्यावर नीडम युनेस्कोच्या विज्ञान विभागाचे पहिले प्रमुख झाले. मग त्यांनी चीनच्या विज्ञान-संस्कृतीचा महाग्रंथ हाती घेतला, ज्याचा पहिला खंड १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच ग्रंथमालेतला किण्वन आणि अन्नविज्ञानावरचा खंड २००० साली निघाला. तो लिहिला होता ह्वांग शिंग-त्सुंग यांनी. ट्रकमध्ये शेजारी बसलेल्या स्थानिक सहकाऱ्याच्या हातून, अर्धशतक उलटल्यावर, त्या कार्यालयाचे काम पुढे गेले.

नीडम यांच्या आयुष्यात एक कठोर धडाही आहे. १९५२ साली, वकिलातीची नोकरी सोडून बरीच वर्षे झाल्यावर, कोरियाच्या युद्धात अमेरिकेने रोगजंतूंचा वापर केला या आरोपाची चौकशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात ते गेले आणि आयोगाने आरोप खरा मानला. नीडम यांचा भरवसा मुख्यतः ओळखीच्या चिनी शास्त्रज्ञांच्या शब्दावर होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांवरून तो पुरावा रचलेला होता असे दिसते. परक्या देशावर प्रेम केल्याशिवाय हे काम होत नाही. पण त्या प्रेमापोटी पुरावा तपासायचे सोडले, तर आयुष्यभर मिळवलेली विश्वासार्हता पणाला लागते.

खाते उघडते, बंद होते

सरकारांना या पदांची किंमत नेहमी कळतेच असे नाही. १९५० मध्ये लॉइड बर्कनर या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकी परराष्ट्र खात्यासाठी अहवाल लिहिला आणि महत्त्वाच्या वकिलातींत शास्त्रज्ञ नेमावेत अशी शिफारस केली. नेमणुका झाल्याही. पण शीतयुद्धातल्या संशयाच्या वातावरणात आणि काटकसरीच्या धोरणात दशकाच्या मध्यापर्यंत ही पदे रिकामी पडली. मग ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाचा स्पुतनिक पृथ्वीभोवती फिरू लागला. पुढच्याच वर्षी ही योजना पुन्हा जिवंत करण्यात आली.

आधी दुर्लक्ष, मग धक्का, मग धावपळ, हा क्रम अनेक देशांत दिसतो. याचे कारण या कामाच्या स्वभावात आहे. परक्या देशातल्या संशोधनाची दिशा एका भेटीत कळत नाही. तिथली कोणती संस्था नुसती नावाला मोठी आणि कोणती खरोखर कामाची, कोणत्या प्राध्यापकाचा शब्द मंत्रालयात चालतो, कोणती प्रयोगशाळा पुढच्या पाच वर्षांत पुढे येईल, हे वर्षानुवर्षांच्या ओळखीतून समजते. ओळखी तुटल्या की त्या पैशाने परत विकत घेता येत नाहीत.

दिवसभर करतात काय?

राजनयिक संबंधांविषयीचा १९६१ चा व्हिएन्ना करार वकिलातीची कामे सांगताना दोन गोष्टी नमूद करतो. यजमान देशातली परिस्थिती आणि घडामोडी सर्व कायदेशीर मार्गांनी जाणून घेणे, ही एक. आर्थिक, सांस्कृतिक आणि वैज्ञानिक संबंध वाढवणे, ही दुसरी. विज्ञान विभागाचा दिवस या दोन वाक्यांत सामावतो.

पहिले काम वाचनाचे आणि ऐकण्याचे. यजमान देशाचा अर्थसंकल्प आला की त्यात संशोधनाला किती आणि कशासाठी दिले ते पाहायचे. नवे कायदे, परिषदा, संस्थाप्रमुखांच्या नेमणुका यांवर लक्ष ठेवायचे. आणि मायदेशातल्या मंत्रालयाला दोन पानांत सांगायचे की यातले आपल्या कामाचे काय. दुसरे काम गाठ घालून देण्याचे. विज्ञान अधिकारी हा कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखा असतो. पाणी त्याचे नसते, शेतही त्याचे नसते; पण कोणत्या वेळी कोणते दार उचलले म्हणजे पाणी कोणाच्या रानात पोचेल, हे त्याला ठाऊक असते.

तिसरे काम करारांचे, आणि ते सर्वांत किचकट. दोन देशांतल्या शास्त्रज्ञांना एकत्र काम करायचे असते तेव्हा त्यांचे मन जुळायला एक दुपार पुरते. नंतर प्रश्न सुरू होतात. शोध लागला तर पेटंट कोणाचे? उपकरण आणताना सीमाशुल्क कोण भरणार? रोग्यांच्या रक्ताचे नमुने देशाबाहेर नेता येतील का? जैवविविधतेच्या कायद्यात बसते का? एखादा सुटा भाग क्षेपणास्त्रातही वापरता येण्याजोगा आहे म्हणून निर्यातबंदीत अडकेल का? संशोधकाचा व्हिसा परिषदेआधी मिळेल का? या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे खाते, वेगळा अधिकारी, वेगळी फाईल. ही सगळी दारे ठोठावत फिरणारा माणूस नसला, तर उत्तम संशोधनही सहीअभावी पडून राहते.

माणसे निवडण्याच्या पद्धती देशोदेशी निराळ्या आहेत. अमेरिकेच्या वकिलातींत पर्यावरण, विज्ञान, तंत्रज्ञान आणि आरोग्य यांचा एकच विभाग असतो आणि तिथे बहुधा परराष्ट्र सेवेतले मुत्सद्दी काम पाहतात. ब्रिटनच्या विज्ञान व नवोपक्रम जाळ्यात यजमान देशातूनच नेमलेल्या अधिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. भारताची रीत अशी की, विज्ञान सल्लागाराच्या पदावर वैज्ञानिक खात्यांतले वरिष्ठ शास्त्रज्ञ प्रतिनियुक्तीवर पाठवायचे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची अशी पदे वॉशिंग्टन, मॉस्को, टोकियो आणि बर्लिन इथल्या वकिलातींत आहेत. इस्रोची तांत्रिक संपर्क केंद्रे वॉशिंग्टन आणि पॅरिसला आहेत, आणि मॉस्कोतल्या केंद्राला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये मान्यता दिली. अणुऊर्जा विभागाचेही प्रतिनिधी काही निवडक वकिलातींत बसतात.

वढूच्या बाळांपर्यंत

या कामाचे फळ किती उशिरा येते, याचे भारतातले उत्तम उदाहरण म्हणजे रोटाव्हायरसची लस. १९८७ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात लस संशोधनाचा सहकार्य कार्यक्रम ठरला. त्या वेळी आपल्याकडे त्यावर टीका झाली. भारतीय मुलांचा प्रयोगासाठी वापर होईल, आपले नमुने परदेशी जातील, अशी भीती जाहीरपणे मांडली गेली. ती भीती गैरवाजवी नव्हती, कारण प्रश्न विचारणे हा ज्यांच्या मुलांवर चाचण्या व्हायच्या त्यांचा हक्कच असतो. त्या प्रश्नांची उत्तरे नियम, नैतिक समित्या आणि संयुक्त देखरेख यांतून द्यावी लागली.

दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला होता. ही बाळे त्याने आजारी पडत नव्हती आणि पुढे तीव्र जुलाबांपासून त्यांचे रक्षण होत होते. ११६ई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या विषाणूपासून लस तयार करण्यासाठी एम्सचे डॉ. महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी, भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था आणि हैदराबादची भारत बायोटेक कंपनी यांची साखळी जुळली. तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुमारे ६,८०० बाळांवर झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातले वढू अशा तीन ठिकाणी. वढूला ते काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने केले. २०१४ मध्ये लशीला परवाना मिळाला आणि २०१६ मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आली.

१९८७ ते २०१६, म्हणजे जवळपास तीन दशके. वकिलातीतल्या अधिकाऱ्याची बदली तीनेक वर्षांनी होते. म्हणजे या एका लशीच्या प्रवासात दिल्ली आणि वॉशिंग्टन दोन्हीकडे नऊ-दहा माणसे बदलली असतील. सरकारे बदलली. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, कित्येक भारतीय संस्था काळ्या यादीत गेल्या. तरी धागा तुटला नाही. दोनच वर्षांनी, मार्च २००० मध्ये, दोन्ही सरकारांनी भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंच स्थापण्याचा करार केला. राजकारण गोठले असताना वैज्ञानिक संबंधांची धग राखणे, हे या विभागांचे मोठे योगदान असते.

दुसरे उदाहरण हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळचे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेचे तिसरे केंद्र भारतात व्हावे, ही कल्पना पुण्याच्या आयुकासह इंदूर आणि गांधीनगरच्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे लावून धरली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा. तिच्यासाठी लागणारी अतिसूक्ष्म यंत्रसामग्री अमेरिका देणार. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी प्रथम सापडल्याची घोषणा झाली, त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली, आणि ३१ मार्च २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये अणुऊर्जा विभागाचे सचिव शेखर बसू आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या संचालक फ्रान्स कोर्दोव्हा यांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या. घोषणेपासून सहीपर्यंत पन्नासेक दिवस गेले. इतक्या कमी वेळात सही होते, कारण त्याआधीची कित्येक वर्षे मसुदे, शंका आणि खुलासे यांत गेलेली असतात. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी २०२३ मध्ये मिळाली.

टिकून राहणारी माणसे

मग अधिकारी बदलत असताना हा धागा धरतो कोण? याचे उत्तर प्रत्येक वकिलातीत सारखेच आहे : स्थानिक कर्मचारी. यजमान देशाचेच नागरिक असलेले, बहुधा विज्ञानात किंवा अभियांत्रिकीत शिकलेले, दहा-वीस वर्षे त्याच टेबलावर बसलेले. नवा अधिकारी येतो तेव्हा त्याला पहिल्या आठवड्यात कोणाला भेटवायचे, कोणत्या संस्थेशी मागे काय बिनसले होते, कोणते पत्र कोणाच्या सहीने गेले तर हलते, हे तेच सांगतात. ह्वांग शिंग-त्सुंग यांची परंपरा ती हीच.

त्यांची स्थिती नाजूकही असते. परदेशी अधिकाऱ्याला व्हिएन्ना कराराने जे संरक्षण मिळते ते यजमान देशाच्या नागरिक असलेल्या कर्मचाऱ्याला जवळजवळ मिळत नाही. यजमान देश मान्य करील तेवढेच. दोन देशांत बिनसले की संशयाची पहिली नजर त्यांच्यावर जाते. २०२१ मध्ये रशियाने अमेरिकी वकिलातीला स्थानिक माणसे नोकरीवर ठेवण्यास मनाई केली, तेव्हा वर्षानुवर्षे काम केलेले शेकडाभराहून अधिक लोक एका फटक्यात बाहेर पडले. त्यांच्याबरोबर किती ओळखी आणि किती आठवणी गेल्या असतील, याची मोजदाद कुठल्याही अहवालात होत नाही.

खुले ज्ञान, खुला विश्वास

विज्ञान अधिकाऱ्याभोवती हेरगिरीचा संशय नेहमी घोटाळतो. चांगला अधिकारी त्यावर एकच उपाय करतो : सगळे काम उघड्यावर. जे प्रसिद्ध झाले आहे ते वाचायचे, ज्यांनी बोलावले त्यांच्याकडे जायचे, आणि आपण कोण आहोत व कशासाठी आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगायचे. उघडपणाची ताकद किती, हे पेइचिंगमध्ये दिसले. २००८ मध्ये तिथल्या अमेरिकी वकिलातीने छपरावर हवेतले सूक्ष्म धूलिकण मोजणारे यंत्र बसवले. हेतू इतकाच की आपल्या कर्मचाऱ्यांना बाहेर पडावे की नाही हे कळावे. पण आकडे दर तासाला सर्वांसाठी खुले होते. चिनी सरकार नाराज झाले, वाद झाला. पण सामान्य पेइचिंगकरांच्या हाती मोजमाप आले आणि पुढे चीनने स्वतःच सूक्ष्म धूलिकणांची मोजणी आणि मानके लागू केली.

तशीच यंत्रे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादच्या अमेरिकी कचेऱ्यांतही बसली. ज्या शहरांत ही यंत्रे बसली तिथे त्यानंतर सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घटले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने खर्चाचे कारण देऊन जगभरच्या या यंत्रांची आकडेवारी देणे थांबवले. मोजणे थांबल्याने हवा सुधारत नाही. अनेक वर्षांची एकसलग नोंद तुटणे हे संशोधकांचे आणि नागरिकांचे खरेखुरे नुकसान आहे. हे काम वर्षावर्षाच्या अर्थसंकल्पावर सोडले की काय होते, हे यातून कळते.

आपल्याला काय करता येईल?

भारत आज चंद्रावर यान उतरवतो, जगाच्या मोठ्या हिश्श्याला लशी पुरवतो, रेडिओ दुर्बिणींच्या जागतिक प्रकल्पात बरोबरीने भाग घेतो. अशा देशाने आपल्या विज्ञान सल्लागारांची संख्या आणि तयारी दोन्ही वाढवायला हव्यात, असे मला मनापासून वाटते. आफ्रिका, आग्नेय आशिया आणि लॅटिन अमेरिकेत कोरडवाहू शेती, हिवताप, सौरऊर्जा, स्वस्त औषधे हे प्रश्न आपल्यासारखेच आहेत. तिथे आपला विज्ञान अधिकारी शिकायलाही जाईल आणि द्यायलाही. नियुक्तीआधी त्या देशाची भाषा शिकवण्याची सोय हवी. मुदत तीनऐवजी पाच वर्षांची करता येईल. आणि निघताना प्रत्येकाने मागून येणाऱ्यासाठी सविस्तर टिपण लिहून ठेवणे सक्तीचे हवे.

महाराष्ट्राच्या तरुणांनाही या दिशेने पाहायला हरकत नाही. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींपुढे आपण प्रयोगशाळा, कंपनी आणि परदेश एवढीच चित्रे ठेवतो. भौतिकशास्त्राची पदवी, एका परक्या भाषेवर प्रभुत्व आणि कायद्याची जाण हे तिन्ही ज्याच्या अंगी आहे, अशा माणसाची गरज येत्या काळात वाढतच जाणार आहे. हवामान, साथीचे रोग, कृत्रिम बुद्धिमत्ता, अंतराळ, यांतला एकही प्रश्न कोणा एका देशाला एकट्याने सोडवता येणार नाही. वाटाघाटीच्या टेबलावर आपल्या बाजूला विज्ञान कळणारा माणूस बसलेला नसेल, तर कराराच्या बारीक अक्षरांत आपण काय गमावले हे आपल्याला दहा वर्षांनी कळेल.

आपण सुरू केलेल्या कामाची लस कोणाच्या तरी बाळाला मिळेल तेव्हा आपली बदली होऊन पंचवीस वर्षे झालेली असतील, हे माहीत असूनही ज्यांनी पत्रे नीट लिहिली, नोंदी जपल्या आणि पुढच्याच्या हाती धागा सोपवला, त्या माणसांचे ऋण आपण नाव घेऊन मानले पाहिजे. त्यांच्यासारखी आणखी माणसे तयार करणे, हीच त्या ऋणाची फेड.

(पुढील लेखांकात : वकिलातीतला व्यापार विभाग)